फळमाशीच्या क्रॉसमध्ये २४ पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आल्या. जर्नलमध्ये काय लिहू?

ढब्बू_मिरची | १० फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचायला येते, पण आज अगदीच गळ्याशी आलंय.

एम.एस्सी. झूलॉजी, पहिलं वर्ष, पुणे. जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला ड्रॉसोफिलाचा, म्हणजे फळमाशीचा, लिंगसंलग्न वारशाचा क्रॉस आहे. पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि साधे लाल डोळ्यांचे नर एका बाटलीत सोडायचे, आणि पहिल्या पिढीत काय निघतं ते मोजायचं. डोळ्यांच्या रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, म्हणून सगळे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे. मुलीला एक एक्स बापाचाही मिळतो आणि लाल पांढऱ्यावर भारी पडतो, म्हणून सगळ्या मुली लाल. वडिलांचं रूप मुलींना, आईचं मुलांना. पुस्तकात असं छान तिरकं चित्र आहे.

माझ्या बाटलीत निघालं ते हे: लाल माद्या ११८, पांढरे नर १३९, लाल नर ०. आणि पांढऱ्या माद्या २४.

पुस्तकाप्रमाणे या २४ जन्मालाच यायला नकोत. पार्टनर म्हणते, "खोड त्या २४, १३९ चे १२१ कर, कोण माश्या मोजायला येतंय?" शनिवारी जर्नल सर्टिफाय करून घ्यायचंय. परत क्रॉस लावायला दहा-बारा दिवस लागतात, तेवढे नाहीत. काय चुकलं असेल? आणि लिहू काय?

चहाटळ | १० फेब्रुवारी, रात्री ९:५२

गळ्याशी आलंय म्हणालात तेव्हा वाटलं चिलट गिळलंत.

बोरिवली_स्लो | १० फेब्रुवारी, रात्री १०:१५

पार्टनरचं ऐका. आम्ही बी.एस्सी.ला १९९८ साली हेच केलं. अख्ख्या बॅचने आधी उत्तर लिहिलं, मग त्याला साजेशा माश्या लिहिल्या. सगळ्यांचं ३:१, तेही ७५ आणि २५. सरांनी माझ्या जर्नलवर लाल शाईने शेरा मारला होता, "माश्या फार शिस्तीच्या दिसतात." पण सही केली. आज बँकेत आहे, काही अडलं नाही.

तिरपागडे | १० फेब्रुवारी, रात्री १०:३१

बोरिवली, तुम्ही एकटे नाही. खुद्द मेंडेलवरही हाच ठपका आहे. गोल वाटाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०, म्हणजे २.९६ ला १. पिवळे ६०२२, हिरवे २००१, म्हणजे ३.०१ ला १. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये मेंडेलचे सगळे आकडे एकत्र तपासले आणि म्हणाला, हे जरा जास्तच चांगले आहेत. नाणं शंभरदा उडवून दरवेळी बरोब्बर पन्नास छापे यावेत तसं. त्याचा संशय मदतनिसावर होता. म्हणजे तिथेही मामाच.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या कॉलेजांत लॅब असिस्टंटला 'मामा' म्हणतात. काय मोडलं तर मामा, काय सापडलं नाही तर मामा.)

खडूफळा | १० फेब्रुवारी, रात्री ११:२०

ढब्बू बाळा, आधी एक काम कर. पेन खाली ठेव. ते २४ खोडू नकोस.

मी एकतीस वर्षं हे प्रॅक्टिकल घेतलं. खोटे आकडे ओळखायला मला गणित लागायचं नाही, शाईवरून कळायचं. खरी मोजणी पाच-सहा दिवस चालते. रोज वेगळं पेन, कधी पेन्सिल, एखाद्या पानावर गुळाचा डाग. खोटी मोजणी एका बैठकीत, एकाच पेनाने, सुवाच्य अक्षरात.

आता मूळ गोष्ट ऐक, कारण ती तुझ्याच बाटलीची आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शर्मरहॉर्न हॉलमधली ६१३ नंबरची खोली. साधारण १६ बाय २३ फुटांची, आत आठ टेबलं, दुधाच्या बाटल्यांमध्ये माश्या आणि खायला पिकलेली केळी. वासाची कल्पना तूच कर. १९१० मध्ये थॉमस हंट मॉर्गनला तिथे पांढऱ्या डोळ्यांचा एक नर मिळाला. त्याने तो लाल डोळ्यांच्या माद्यांबरोबर ठेवला. पिल्लं झाली १२४०. त्यातली १२३७ लाल आणि ३ पांढरे नर. हे तीन अपेक्षित नव्हतेच. मॉर्गनने काय केलं? खोडले नाहीत. लेखात छापले, बहुधा नव्याने उत्परिवर्तन झालं असावं एवढं म्हणाला आणि पुढे गेला.

दुसऱ्या पिढीत त्याला लाल माद्या २४५९, लाल नर १०११ आणि पांढरे नर ७८२ मिळाले. पांढरी मादी एकही नाही. आता गंमत बघ. सगळे मिळून ४२५२. तीनास एक धरलं तर पांढरे १०६३ यायला हवेत, आले ७८२. तब्बल २८१ कमी! आलेले आकडे अपेक्षेशी जुळतात का ते बघायला तुम्ही जी काय-स्क्वेअर चाचणी लावता ती या आकड्यांना लावलीस तर ९९ येते, आणि मर्यादा असते ३.८४. म्हणजे ज्या प्रयोगावर मॉर्गनला पुढे १९३३ चं नोबेल मिळालं तो तुमच्या जर्नलच्या हिशेबाने नापास. कारण साधं होतं, पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या जरा नाजूक असतात, त्या कमी जगतात. त्याने ७८२ चे १०६३ केले असते तर हे कुणाला कळलंच नसतं.

तू आता एवढं सांग: व्हर्जिन, म्हणजे नराशी अजून संग न झालेल्या माद्या, कशा गोळा केल्यास?

चहाटळ | १० फेब्रुवारी, रात्री ११:२४

खडूफळा सर, 'काय-स्क्वेअर' म्हणजे काय?

खडूफळा | १० फेब्रुवारी, रात्री ११:२६

हा विनोद एकतीस वर्षांत एकतीस बॅचनी केला. बस खाली.

सांडगे | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

थांबा हं. म्हणजे माझ्या ओट्यावर केळ्यांभोवती जी चिलटं घोंघावतात, त्यांना डोळे आहेत आणि ते लाल आहेत? मी इतकी वर्षं त्यांना बिनडोळ्यांचे ठिपके समजत होते. आणि एवढ्याशा जिवाचं नर-मादी कसं ओळखता?

तुम्ही त्यांना पाळता, मी मारते. वाटीत थोडं व्हिनेगर, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. सकाळी वाटीत पन्नास तरी बुडालेली.

मिरगाचा_किडा | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:१२

ताई, बरोबर बोललात, ती चिलटंच. धाग्याच्या नावात 'फळमाशी' बघून मी आलो होतो आंब्याचा इलाज घेऊन. आम्ही शेतकरी फळमाशी म्हणतो ती वेगळी. ती चांगल्या आंब्याला, पेरूला डंख मारून आत अंडी घालते, तिला मिथिल युजेनॉलचे सापळे लावतो. ही तुमची चिलटं सडलेल्यावर बसतात, पिकाचं वाकडं करत नाहीत. पुस्तकवाल्यांनी दोघींना एकच नाव देऊन घोळ केलाय.

बाकी तुमचं ते पहिली पिढी, दुसरी पिढी आम्हाला पुस्तकाशिवाय कळलेलं आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. आमच्या आजोबांनी पुढं कधीतरी पहिल्यांदा लावली, कणसं अशी की बघत राहावं. म्हातारा हुशार, म्हणाला बियाणं विकत कशाला, यातलंच ठेवू. दुसऱ्या वर्षी शेतात एक ताट कमरेला तर एक डोक्याच्या वर, एक कणीस भरलेलं तर एक पोचट. पहिल्या पिढीत सगळी भावंडं सारखी, दुसऱ्या पिढीत ज्याचं त्याचं निराळं. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, हायब्रीडनं फसवलं.

थंडीत_कुडकुडलेला | ११ फेब्रुवारी, दुपारी १:३०

एडिंबरातून. मी याच माश्यांवर पोट भरतो, त्यामुळे राहवत नाही.

सांडगे ताई, लहानसा सूक्ष्मदर्शक लागतो. मादी मोठी, पोटाचं टोक निमुळतं, त्यावर शेवटपर्यंत पट्टे. नर लहान, पोटाचं टोक बोथट आणि काळं. पण खात्रीची खूण म्हणजे नराच्या पुढच्या पायांवर केसांचा एक काळा झुपका असतो, कंगव्यासारखा. सेक्स कोंब म्हणतात.

ढब्बू, म्हणूनच पहिला प्रश्न: त्या २४ माद्याच आहेत ना? नुकत्याच बाहेर पडलेल्या नराचं पोट फिकट असतं, टोक अजून काळं झालेलं नसतं. घाईत तो मादी म्हणून मोजला जातो. माझ्या पहिल्या वर्षी मी अशा 'माद्यां'वर आठवडाभर सिद्धांत मांडत बसलो होतो.

ढब्बू_मिरची | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०

सगळ्यांना धन्यवाद! कॉलेजातून आत्ता आले. २४ ही माश्या मी अल्कोहोलमध्ये जपून ठेवल्या होत्या (पार्टनर टाकून देणार होती). आज परत एकेकीचा पाय बघितला. कंगवा एकीलाही नाही. चोवीसच्या चोवीस माद्या.

खडूफळा सर, व्हर्जिनचं सांगते. स्टॉकची पांढऱ्या डोळ्यांची बाटली सकाळी आठला रिकामी करायची, म्हणजे जुन्या सगळ्या माश्या बाहेर. मग दिवसभरात कोशांतून नव्या निघतात, त्यातल्या माद्या संध्याकाळच्या आत वेगळ्या करायच्या. बाटलीचं तोंड इथरायझरवर उपडं धरून खालून चापट्या मारायच्या, माश्या आत पडतात. अर्ध्या मिनिटात लुळ्या. मग पांढऱ्या टाईलवर ओतून रंगाच्या शून्य नंबर ब्रशने एकेक बाजूला सारायची. ईथर जास्त झाला तर पंख उभे ताठ होतात, ती मेली समजायची. माझ्या तीन गेल्या. ताज्या मादीच्या पोटात एक हिरवट-काळा ठिपका दिसतो, पहिलं शेण, ते बघून घ्या असं मॅडम म्हणाल्या होत्या. पाच माद्या निवडल्या, पाच लाल नर सोडले.

आता खरं सांगते. सकाळी आठला बाटली पार्टनरने रिकामी केली. मी साडेचारला गोळा केल्या.

आणि सांडगे ताई, पाककृतींच्या धाग्यांवर इतके दिवस फुकट वाचते म्हणून माश्यांच्या जेवणाची देते: एक लिटर पाणी, १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर. शिजवून उतरवलं की ७.५ मिली प्रोपिऑनिक ॲसिड, बुरशी येऊ नये म्हणून. वरून यीस्ट. म्हैसूर विद्यापीठात ड्रॉसोफिलाचं मोठं स्टॉक सेंटर आहे, तिकडे रव्या-गुळाचंच करतात. शिजताना सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखा वास येतो, ॲसिड घालेपर्यंत.

सांडगे | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

तूप नाही, वेलची नाही. बिचारी चिलटं.

चहाटळ | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

तुम्ही सगळे 'व्हर्जिन, व्हर्जिन' इतक्या गंभीरपणे लिहिताय की मला घरात मोबाईल लपवून वाचावं लागतंय.

वऱ्हाडी_ठेचा | ११ फेब्रुवारी, रात्री ८:०४

आठ ते साडेचार म्हणजे साडेआठ तास झाले ना हो. पुस्तकात आठ तास लिहिलेत, ते २५ अंशाला. तुमच्या लॅबमधी दुपारी किती होते? गरमीत माशीचं सगळंच लवकर होते, जन्म बी अन् लग्न बी. १८ अंशाला ठेवलं तर सोळा तासांपर्यंत चालते. म्हणून रात्री बाटली थंडीत ठेवाची अन् सकाळी गोळा कराची.

आमच्या अमरावतीले मार्च लागला की ही माशी जगवणं म्हणजे तान्ह्या लेकराचं करणं. ३० च्या आसपास गेलं की नर वांझ होतात, क्रॉस लावा नाहीतर आरती करा, अळी काही निघत नाही. आमच्या लॅबमधला इन्क्युबेटर बंद पडला तेव्हा मामांनी माठ आणला, त्यात बाटल्या, वरून ओलं पोतं. दोन उन्हाळे स्टॉक त्या माठात जगला.

नदीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३३

थोडं विषयांतर, पण खडूफळा सरांना विचारायचंय. माझ्या धाकट्या भावाला गाडी चालवायच्या नोकरीच्या मेडिकलला रंग ओळखता आले नाहीत. ठिपक्यांच्या चित्रात सगळ्यांना आकडा दिसतो, त्याला नुसते ठिपके. लाल-हिरव्यात गोंधळ. लेखी परीक्षेत पहिल्या दहात होता. घरी आल्यावर आई रडत म्हणाली, माझ्या वडिलांनाही पिकली मिरची आणि हिरवी मिरची सारखीच दिसायची, झाडावर हात लावून तोडायचे. म्हणजे हे तेच का? आईला मात्र सगळे रंग व्यवस्थित दिसतात. बाबांच्या बहिणी अजून म्हणतात, हिच्या माहेरचं आहे.

खडूफळा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१०

नदीकाठ, हो, तेच. आजोबांनी आपला एकुलता एक्स आईला दिला, देणं भागच होतं. आईकडे दुसरा चांगला एक्स होता म्हणून तिला रंग दिसतात. तिने मुलाला दोनांपैकी कुठला द्यायचा ते नाणं उडवल्यासारखं. तुमच्या भावाच्या वाट्याला आजोबांचा आला, तुम्ही मुलगा असलात तर तुमच्या वाट्याला कदाचित दुसरा आला. ढब्बूच्या पांढऱ्या माशीचे मुलगे पांढरे निघतात त्याच वाटेने.

आत्याबाईंना सांगा, माहेरचं आहे हे खरं, पण त्यात आईचा दोष तेवढाच, जेवढा नाण्याचा. आणि भावाला सांगा, ही एक वाट बंद झाली, डोक्याने पहिल्या दहात आलेला मुलगा आहे तो.

नदीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२२

मी बहीण आहे सर. म्हणजे माझ्या मुलाला...?

खडूफळा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३१

माफ करा, नाव पाहून अंदाज केला. आजोबांचा एक्स तुमच्याकडे आला असण्याची शक्यता अर्धी. आला असेल तर प्रत्येक मुलामागे परत अर्धी. म्हणजे आत्ता काहीच माहीत नसताना चारात एक. जिवाला धोका नाही त्यात काही. लहानपणीच तपासून घ्या, म्हणजे लेखी परीक्षेनंतर कळायला नको.

थंडीत_कुडकुडलेला | १२ फेब्रुवारी, पहाटे ३:१५

(इथे रात्रीचे पावणेदहा वाजलेत, काळजी नको.) ढब्बू, वऱ्हाडी काकांनी चोर धरलाय. आता त्याचं पंचनाम्यासकट सांगतो.

समज, तुझ्या पाच माद्यांपैकी एक व्हर्जिन नव्हती. तुझ्या लाल नरांना भेटण्याआधी स्टॉकच्या बाटलीतच तिचं एखाद्या पांढऱ्या भावाशी जमलं होतं. मादी एकदा मिळालेलं वीर्य साठवून ठेवते आणि कित्येक दिवस वापरते. मग तिची पिल्लं कशी होतील? आई पांढरी, बाप पांढरा, म्हणजे मुलगे पांढरे आणि मुलीही पांढऱ्या, साधारण निम्मे-निम्मे.

आता तुझे आकडे. चार शहाण्या माद्यांच्या मुली लाल, त्या ११८. त्यांचे मुलगे पांढरे, तेही ११८ च्या आसपास असायला हवेत. पाचवीच्या मुली पांढऱ्या, २४, आणि तितकेच पांढरे मुलगे. म्हणजे पांढऱ्या नरांची एकूण अपेक्षा ११८ अधिक २४, १४२. तुझ्याकडे किती? १३९.

आणखी बघ. सगळ्या मुली मिळून १४२, त्यात पांढऱ्या २४, म्हणजे १७ टक्के. पाचात एक म्हणजे २० टक्के. एवढं जुळतंय की फिशरने तुझ्यावरही संशय घेतला असता.

पार्टनरने १३९ चे १२१ केले असते तर पुरावा गेला असता.

तिरपागडे | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:००

इतकं सोपं उत्तर मला मान्य नाही. गुणसूत्रं नीट वेगळी न होणं हाही मार्ग आहे की. मॉर्गनचा विद्यार्थी कॅल्व्हिन ब्रिजेस यावरच तर नावारूपाला आला. अंडं तयार होताना आईचे दोन्ही एक्स चिकटून एकाच अंड्यात गेले, आणि बापाकडून वाय आला, की दोन एक्स आणि एक वाय अशी मुलगी. दोन्ही एक्स आईचे, म्हणून पांढरी! आणि माश्यांमध्ये वाय असला तरी दोन एक्स असले की मादीच होते. आपल्यासारखं नाही.

खडूफळा सरांच्या गोष्टीतल्या आगंतुकांसारखेच पाहुणे ब्रिजेसने नेटाने मोजले, आणि त्यातून जीन गुणसूत्रावरच बसतात हे पक्कं केलं. १९१६ मध्ये 'जेनेटिक्स' नावाचं नवं नियतकालिक निघालं, त्याच्या पहिल्या अंकाचा पहिला लेख त्याचा. ढब्बूच्या २४ मध्ये असंच काही नसेल कशावरून?

थंडीत_कुडकुडलेला | १२ फेब्रुवारी, दुपारी २:४०

तिरपागडे, हाच आक्षेप यायला हवा होता. पण लाल नर बघा.

आईचे दोन्ही एक्स एका अंड्यात गेले तर दुसरं अंडं एक्सविना राहतं. त्याला बापाचा एक्स मिळाला की तयार होतो लाल डोळ्यांचा मुलगा (वांझ असतो, पण डोळे लाल). म्हणजे हा अपघात झाला तर पांढऱ्या मुलींबरोबर लाल मुलगेही दिसायला हवेत. ढब्बूच्या बाटलीत लाल नर शून्य. शिवाय साध्या मादीत हा अपघात दोन हजारांत एखाद्या वेळी होतो, इथे २८१ मध्ये २४. आईच जर आधीपासून दोन एक्स, एक वाय अशी असेल तर प्रमाण चार टक्क्यांच्या घरात जातं, पण तेव्हाही लाल मुलगे येतातच.

त्या शून्याने ब्रिजेसला बाद केलं.

तिरपागडे | १२ फेब्रुवारी, दुपारी २:५५

मान्य. शून्य हा आकडा मी वाचलाच नव्हता.

सांडगे | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

मला एक कळेना. मुळात डोळा पांढरा होतो कशाने? रंग संपतो का? आणि त्या जीनला 'व्हाइट' म्हणतात असं कुठेतरी वाचलं, मग तो लाल माशीत काय करतो?

खडूफळा | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

नावाचा घोळ आहे खरा. माशीवाले जीनला नाव देतात ते बिघाडावरून. बिघडला की डोळा पांढरा, म्हणून 'व्हाइट'. म्हणजे लाल डोळ्याच्या माशीतला व्हाइट चांगला असतो! घराला 'गळका' नाव द्यावं आणि ते न गळणारं असावं तसं. दारू लवकर चढणाऱ्या माश्यांच्या जीनला त्यांनी 'चीपडेट' नाव दिलंय. विद्वानांचा वात्रटपणा, दुसरं काय.

व्हाइट जीनपासून एक प्रथिन बनतं, त्याचं काम हमालाचं. रंगाचा कच्चा माल डोळ्याच्या पेशींत आत वाहून न्यायचा. लाल रंगाचा मालही तोच नेतो आणि तपकिरी रंगाचाही. हमाल संपावर गेला की माल बाहेरच पडून, डोळा पांढरा.

आणि हमाल का बिघडला? मॉर्गनच्या त्या नराच्या जीनमध्ये डीएनएचा एक फिरता तुकडा येऊन घुसला होता. असे तुकडे जागा बदलतात. मक्यात ते बार्बरा मॅक्लिंटॉकने शोधले, त्याबद्दल तिला १९८३ चं नोबेल मिळालं. तिरपागडेंनी वर सांगितलेला मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणाही तसाच निघाला, १९९० मध्ये कळलं. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमच्या जीनमध्ये सुमारे ८०० अक्षरांचा एक आगंतुक शिरलेला. स्टार्च कमी, साखर जास्त, साखरेने पाणी धरून ठेवलं आणि वाळताना दाणा चिंबला. पोथीत दोन ओळींच्या मधे कुणी वाण्याची यादी लिहून ठेवावी तसं. एकाचा वाटाणा, दुसऱ्याची माशी, दोघांच्या नशिबी घुसखोरच.

मिरगाचा_किडा | १२ फेब्रुवारी, रात्री ८:४५

सर, मग हे बदल गरजेप्रमाणे होतात का? आमच्याकडे एकच औषध चार वर्षं मारलं की किडी त्याला दाद देईनात. म्हणजे औषध बघून त्यांनी स्वतःला बदललं, असंच ना?

थंडीत_कुडकुडलेला | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

नाही दादा, उलटं आहे. बदललेल्या चार-दोन किडी तुमच्या शेतात औषधाच्या आधीपासून होत्या. औषधाने बाकीच्या मारल्या, मैदान यांना मोकळं मिळालं.

१९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी हे जिवाणूंवर दाखवलं. वेगवेगळ्या नळ्यांत जिवाणू वाढवले आणि मग जिवाणू मारणारा विषाणू लावला. गरज पाहून बदल होत असता तर प्रत्येक नळीत वाचलेले साधारण सारखे निघाले असते. निघाले कसे? बऱ्याच नळ्यांत शून्य किंवा एखाद-दुसरा, आणि मधेच एका नळीत भरमसाट. म्हणजे त्या नळीत बदल फार आधी, आपोआप झाला होता आणि त्याची पिलावळ वाढली होती. बदलाचा वेग मात्र वाढवता येतो. हर्मन म्युलरने १९२७ मध्ये माश्यांना एक्स-रे देऊन तो शंभरपटीहून जास्त वाढवला. पण कुठला बदल होणार ते त्याच्याही हातात नव्हतं.

मिरगाचा_किडा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४१

म्हणून कृषी सहायक दरवेळी औषध बदला म्हणतोय होय. मला वाटायचं दुकानदाराशी संगनमत.

बोरिवली_स्लो | १२ फेब्रुवारी, रात्री १०:००

धागा वाचून सत्तावीस वर्षांनी अपराधी वाटतंय. आमच्या बाटलीत खरं काय निघालं होतं ते आता आठवतही नाही. मोजलंच नव्हतं ना.

तरी ढब्बूला व्यावहारिक प्रश्न: बाहेरचे परीक्षक आले आणि म्हणाले, "क्रॉस चुकला, मार्क कापतो," तर?

खडूफळा | १२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

कापतील, एखादा. मीही कापले असते, साडेआठ तासांबद्दल. पण व्हायव्हात दिले असते.

ढब्बू, एक सूचना. तक्ता आहे तसा लिही. काय-स्क्वेअर लावू नकोस, जिथे अपेक्षा शून्य आहे तिथे शून्याने भागायची वेळ येते. अपेक्षित शून्य असताना एक जरी माशी आली तरी गृहीतक पडलं, त्याला चाचणी कशाला? खाली थंडीतल्या मित्राने केली ती वजाबाकी-बेरीज लिही. आणि जमलं तर क्रॉस परत लाव, मार्कांसाठी नव्हे.

ढब्बू_मिरची | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

जर्नल दिलं. २४ सकट. मॅडमनी ते पान दोनदा वाचलं, पार्टनरकडे बघितलं आणि विचारलं, "बाटली आठला नक्की रिकामी केली होती?" पार्टनर म्हणाली, "केली होती मॅडम." मग थोड्या वेळाने म्हणाली, "एक-दोन तळाला चिकटल्या होत्या. मेल्या असतील असं वाटलं." त्या ओल्या अन्नात चिकटलेल्या असणार आणि नंतर सुटून उठल्या असणार. म्हणजे वेळेचा दोष अर्धाच.

सही मिळाली. शेरा: "पुन्हा करा."

क्रॉस बुधवारीच परत लावलाय. या वेळी मामांनी सकाळी सातला माझ्यासमोर बाटली उजेडाकडे धरून तपासून दिली. बारा वाजता गोळा केल्या, पोटातला ठिपका बघून, आणि पाच माद्या पाच वेगळ्या नळ्यांत ठेवल्या. कुणी बनेल निघालीच तर कोण ते कळेल.

चहाटळ | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:४४

तळाला चिकटून मेल्याचं सोंग घेणारे. आमच्या हॉस्टेलवर रेक्टर आले की असेच दोघे असायचे.

ढब्बू_मिरची | २८ फेब्रुवारी, रात्री ८:१५

पाच नळ्यांची बेरीज. लाल माद्या २०३, पांढरे नर १९४, लाल नर ०, पांढऱ्या माद्या ०.

पाच दिवस मोजलं. वहीत तीन पेनं आणि गुळाचा एक डाग आहे, सर.

खडूफळा | २८ फेब्रुवारी, रात्री ८:३२

दिसला. पास.

वऱ्हाडी_ठेचा | २८ फेब्रुवारी, रात्री ८:५०

आज विज्ञान दिन बी हाये, मुहूर्त बरा साधला. आता मार्च लागते. माठ आणून ठेवा.

सांडगे | २८ फेब्रुवारी, रात्री ९:१०

काल वाटीतलं व्हिनेगर ओतताना भिंग घेऊन बसले. डोळे खरंच लाल आहेत हो.